भांडणं प्यायलेलं रामफळ

एकदा एक वृद्ध गृहस्थ होते, अशी सुरुवात करायची रीत आहे. पण हे गृहस्थ अजून आहेत, रोज सकाळी आपल्या हाताने परसातल्या रामफळाला पाणी घालतात, त्यामुळे मी ‘आहेत’ असंच म्हणणार. चालत्याबोलत्या माणसाला उगाच ‘होते’ कशाला म्हणा.

त्यांचं नाव यशवंतराव खोराटे. कोल्हापूरच्या बाजूला नदीकाठचं एक गाव आहे, तिथं सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तरुणपणी तालुक्याच्या कोर्टात त्यांची वकिली चांगली चालली होती. ती त्यांनी एके दिवशी बंद केली आणि गावी येऊन राहिले. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाले, “तिथं निकाल लागतो, भांडण मिटत नाही. मला मिटवायची हौस.” तेव्हापासून पंचक्रोशीतली माणसं आपापली भांडणं घेऊन त्यांच्या पडवीत येतात. बांधाची, वाटेची, पाण्याच्या पाळीची आणि सर्वांत चिवट म्हणजे मानापानाची. आप्पा दोन्ही पक्षांना चहा देतात आणि ऐकत बसतात.

त्यांची एक पद्धत आहे. दोघं जे बोलतील आणि आपण जे समजावू ते एका कच्च्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, शिव्यांसकट आणि रडण्यासकट. समेट झाला की काय ठरलं तेवढंच दोन-तीन ओळींत चांगल्या कागदावर लिहायचं आणि त्याची एकेक प्रत दोघांच्या हाती द्यायची. मग तो कच्चा कागद कुठं जातो? पडवीच्या कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ ठेवलेलं असतं. त्यात पाणी भरायचं, भांडणाऱ्या दोघांनी आपापल्या हाताने कागद त्यात बुडवायचा, कुस्करून त्याचा लगदा करायचा आणि दोघांनी मिळून ते घंगाळ उचलून रामफळाच्या मुळाशी रितं करायचं. एकट्याला ते उचलत नाही, हेही आप्पांनी बघूनच घेतलेलं असावं.

“या झाडानं अर्ध्या तालुक्याची भांडणं प्यायली आहेत,” आप्पा म्हणतात, “तरी फळ गोडच.” फळं उतरली की ज्यांची भांडणं त्या झाडाने प्यायली, त्यांच्या घरी एकेक फळ पोचतं. न विसरता.

या आप्पांकडे मंजिरी नावाची एक मुलगी शिकायला आली. शहरातून कायद्याची पदवी घेतलेली, बुद्धीने तल्लख, कामाला वाघीण आणि कागदाच्या बाबतीत भलतीच हळवी. ज्याच्याजवळ कागद त्याची बाजू खरी, हा तिच्या विद्येचा पहिला पाठ. आप्पांच्या घंगाळात पहिला कागद विरघळताना पाहिला तेव्हा तिने लगेच विचारलं.

“आप्पा, उद्या यातला कुणी उलटला तर?”

“तर पुन्हा चहा करू,” आप्पा म्हणाले.

यावर तिचं समाधान झालं नाही. तिने आपल्यापुरती एक सोय केली. कागद घंगाळात जाण्याआधी ती हळूच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवू लागली. न जाणो, कधी लागलं तर. हेतू वाईट नव्हता हो, मुळीच नव्हता. वाईट हेतूने घडलेल्या चुका सांगायला मी दृष्टांत कशाला लिहू. त्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतातच.

पुढं आप्पांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग माणसांची नावं. एकदा त्यांनी एकाच पाहुण्याला चहा पाजून लगेच पुन्हा चहा विचारला आणि त्या भल्या माणसाने काही न बोलता दुसराही घेतला. डॉक्टरांनी तपासून मंजिरीला बाजूला नेलं आणि सांगितलं, की हे हळूहळू वाढत जाणार.

अडचण लक्षात घ्या. काय ठरलं याच्या प्रती लोकांना दिलेल्या असत, पण त्या जपतो कोण? तुमच्याआमच्या घरात विम्याचा कागद वेळेवर सापडत नाही. कुणाचं कुणाशी काय ठरलं, कुणाला कोणत्या महिन्यात आठवण करून द्यायची, हे सगळं एकट्या आप्पांच्या डोक्यात होतं आणि आता तिथूनच ते झिरपून चाललं होतं. मंजिरीला दुसरंही एक भय होतं, ते ती कुणाला बोलली नाही. तिचे वडील ती लहान असताना गेले होते. तेच पुन्हा एकदा व्हायचं होतं, फक्त या खेपेला माणूस समोर बसलेला असणार होता.

अशा वेळी तिच्या एका मैत्रिणीने तिला संगणकातल्या एका सहायकाची ओळख करून दिली. हा कृत्रिम बुद्धीचा सहायक मुळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी घडवलेला. पण त्याची खुबी अशी, की कागदपत्रांचा एखादा फोल्डर त्याच्या स्वाधीन करावा आणि साध्या मराठीत सांगावं, ‘बाबा रे, हे लाव.’ तो एकेक फाइल उघडून वाचतो, हस्ताक्षराचे फोटोसुद्धा वाचतो, लागेल तिथं स्वतःच छोटासा प्रोग्रॅम लिहितो, फायलींना नीट नावं देतो, तारखांचं टिपण करतो, आणि अडलं तर विचारतो. मात्र दर वेळी तो नव्याने कामाला येतो. कालचं त्याला काही आठवत नाही. म्हणून त्याच्यासाठी सूचनांचं एक पान लिहून ठेवायचं. ते वाचायचं आणि मग कामाला लागायचं, असा त्याचा परिपाठ.

मंजिरीने हे आप्पांना समजावून सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे सकाळी उठल्यावर त्याला कालचं आठवत नाही. माझ्यासारखाच की. बसव त्याला, आमचं जमेल.” आणि त्यांनी त्याला ‘कारकून’ असं नाव ठेवून टाकलं.

खोटं कशाला बोला, कारकुनाने काम सोन्यासारखं केलं. मंजिरी रोज संध्याकाळी दिवसभराची टिपणं फोल्डरमध्ये टाकायची आणि सकाळी तो त्या दिवसाच्या आठवणी काढून द्यायचा. आजपासून विहिरीची पाळी धाकट्या भावाची. उद्या पेरणीआधी बांधावरची वाट मोकळी करायची, दोघांना निरोप द्या. निरोपाचा मसुदाही तोच करी. आप्पा पडवीत बसून फोन लावत, “काय रे, वाट सोडलीस का?” म्हणून विचारत, आणि पलीकडचा माणूस मनात म्हणे, आप्पांची स्मृती अजून तल्लख आहे. आप्पा फोन ठेवून मंजिरीकडे बघून डोळे मिचकावत. फार दिवसांनी त्या घरात हसणं ऐकू येऊ लागलं.

इथंच थांबली असती तर ही कथा झाली नसती. सूचनांच्या पानावर मंजिरीने अगदी वर एक ओळ लिहिली होती, ‘काहीही टाकू नकोस.’ आणि मोबाइलमधले ते सगळे फोटो एके दिवशी तिने त्या फोल्डरमध्ये ओतले. कारकुनाने ते वाचले आणि नम्रपणे विचारलं, ‘यातली प्रकरणं मिटलेली दिसतात. मिटलेल्या भांडणातलं बोलणंही जपायचं आहे का?’ मंजिरीने उत्तर दिलं, ‘सगळं जप.’ ज्या घरात एक माणूस रोज थोडा थोडा विसरतो आहे, त्या घरातली मुलगी आणखी काय सांगणार होती?

मग शालन आणि रत्ना आल्या. या दोघी सख्ख्या बहिणी आणि एकाच घरात दिल्यामुळे सख्ख्या जावाही. दोघींचं अंगण एक, दारं समोरासमोर. भांडण म्हटलं तर क्षुल्लक होतं. थोरल्या शालनने गोठ्यावर नवीन पत्रा घातला आणि त्याच्या पन्हळीचं पाणी धाकट्या रत्नाच्या दारात पडू लागलं. बोलण्यातून बोलणं वाढलं, आणि रत्नाने अंगणाच्या मधोमध भिंत घालायचं ठरवलं. विटा येऊन पडल्या होत्या, गवंडी सांगून झाला होता.

भिंतीची धास्ती दोघींनाही होती, कारण शालनची मुलगी सारिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सारिका अर्धीअधिक मावशीच्या, म्हणजे रत्नाच्या, मांडीवर वाढलेली. शालनला आता दिसत कमी, हातही थरथरतात. तान्ह्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं ते रत्नानेच, हे मुलीने फोनवर कधीच ठरवून टाकलं होतं. मध्ये भिंत आली तर ती पोर कोणत्या दारातून आत जाणार?

आप्पांनी मंजिरीला म्हटलं, “या खेपेला तू बोल. मी बसतो.” तिची ही पहिलीच बैठक. आप्पा कोपऱ्यात घंगाळाशेजारी खुर्चीत बसले. मंजिरीने दोघींचं ऐकून घेतलं आणि खरंच सांगतो, सुरेख ऐकून घेतलं. चहा झाला. शालन म्हणाली, “पन्हळ वळवता येती, पर हिनं इचारायला पायजे हुतं.” रत्ना म्हणाली, “मी इचारलं आस्तं, पर तू तोंड फिरवून गेलीस.” आता यात भांडण कुठं उरलं? दोन मिनिटं गप्प बसलं असतं तर दोघी आपोआप हसल्या असत्या.

पण वकिलाला गप्प बसवत नाही. वकिलाला दाखला लागतो. मंजिरीच्या मनात आलं, या दोघींनी तीनेक वर्षांपूर्वी याहून मोठं भांडण इथंच मिटवलं होतं. त्याची आठवण दिली तर गाठ पक्की बसेल. तिने कारकुनाला लिहिलं, ‘शालन आणि रत्ना यांच्याबद्दल जे असेल ते दाखव.’ क्षणात सगळं तारखेनुसार लावून पडद्यावर आलं. “हे बघा, तुम्ही तर याहून मोठं मिटवलंय,” असं म्हणून तिने कौतुकाने पहिल्या ओळी मोठ्याने वाचल्या.

त्या ओळी म्हणजे, आई गेल्यानंतर, आईच्या अखेरच्या दिवसांवरून, थोरली धाकटीला जे बोलली होती ते वाक्य. ते काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. मला ते सांगितलं गेलेलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शालनने पदर तोंडावर घेतला. तिचंच वाक्य होतं ते, आणि ते पुन्हा ऐकायला नको, असं तिच्याइतकं वाटणारं माणूस त्या गावात नव्हतं. रत्ना त्या पडद्याजवळ सरकली. मग अगदी हळू म्हणाली, “हे आजून हाय?”

ती आप्पांकडे वळली.

“आप्पा,” रत्ना म्हणाली, “मी माझ्या ह्या हातानं कुस्करलं हुतं ते. तुमच्या घंगाळात. तुम्ही म्हणाला हुता, आता हे कुठंच न्हाई.”

मंजिरी उठून उभी राहिली. तिच्या ओठावर ‘मी’ आलं होतं. आप्पांनी हात वर करून तिला थांबवलं.

“माझ्या घरात राहिलं, म्हणजे मी ठेवलं,” ते म्हणाले. “रत्ना, मी शब्द मोडला. चूक माझी.”

जन्मभराची पत त्या माणसाने एका वाक्यात शिष्येच्या चुकीखाली ठेवून दिली. मंजिरीला वाटलं, त्यांनी आपल्याला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ते उठले, तांब्याने पाणी आणून आणून घंगाळ भरलं आणि मंजिरीचा लॅपटॉप उचलून घंगाळाच्या काठाशी पाटावर ठेवला. म्हातारा आता ते यंत्र बुडवतो की काय, असं सगळ्यांना वाटलं. आणि मंजिरीने त्या घटकेला त्यांना अडवलंही नसतं.

“अगं, घाबरू नका,” आप्पा म्हणाले. “त्या बिचाऱ्यानं काय केलंय? सांगितलं तेवढं केलं. मंजिरी, बस इथं. या दोघींसमोर त्याला सांग. काय लिहितेस आणि तो काय म्हणतो, सगळं मोठ्यानं वाच.”

मंजिरीने लिहिलं, ‘शालन आणि रत्ना यांचं ठरलेलं तेवढं ठेव. बोललेलं सगळं काढून टाक.’ कारकुनाचं उत्तर तिने वाचून दाखवलं. ‘हे बोलणं माझ्याकडे फोटोंत, त्यांच्या उताऱ्यात आणि तारखांच्या टिपणात आहे. एक प्रत तुमच्या मोबाइलवरही असेल. तिथं माझा हात पोचत नाही, ती तुम्हालाच काढावी लागेल. एकदा काढलं की परत आणता येणार नाही. आणखी एक. या उताऱ्यात आप्पांनी त्या दिवशी दोघींना जे समजावलं, तेही आहे. तेही काढू, की वेगळं ठेवू?’

शेवटचं वाक्य वाचून मंजिरी आप्पांकडे वळली.

“आप्पा, यात तुमचं बोलणं आहे,” ती म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी काय सांगितलंत, कसं सांगितलंत, ते. तुम्हाला आता ते आठवत नाही. हे गेलं तर कुठंच नाही राहणार.” आणि मग जे इतके दिवस अडवून धरलं होतं ते आलंच. “तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला. म्हणून ठेवलं होतं सगळं.”

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दृष्टांतातल्या गुरूंनी जे बोलायचं असतं ते आप्पा आता बोलले, पण ते तिच्याशी बोलले, तुमच्याआमच्याशी नाही. आपल्याला आयतं ऐकायला मिळालं इतकंच.

“पोरी, माणसं इथं भांडण मिटवायला येतात असं तुला वाटतं. ती बोललेलं परत घ्यायला येतात. तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, हे त्यांनाही कळतं. मग ती एवढीच खात्री मागतात, की ते आता कुठं उरलेलं नाही. मी त्यांना दुसरं काही देत नाही गं, एवढी खात्री देतो. माझं आताचं विसरणं हा आजार आहे, पण त्याआधी जन्मभर मी जे विसरत आलो ते माझं काम होतं. दोन्ही एक समजू नकोस. आणि माझं म्हणशील, तर मी बोललो ते या दोघींसाठी होतं. लागू पडलं, संपलं. औषध पोटात गेल्यावर बाटली पुजायची नसते.”

मग रत्ना उठून मंजिरीजवळ येऊन बसली. राग तिच्या चेहऱ्यावर होताच, पण तो आता कुणावर काढावा, हे तिला कळत नव्हतं. “म्हातारं जाईल म्हणून जपत हुतीस व्हय गं,” ती म्हणाली. “आमीबी आईचं कायबाय जपलंय. कोण वंगाळ बोललं त्येवढं मातर जपू नये.”

शालनने पदर बाजूला केला. “कुठलं बटाण?” तिने विचारलं.

मंजिरीने ‘तेही काढ’ असं लिहिलं आणि बटण दाखवलं. शालनचं बोट थरथरत होतं, नेमकं पडेना. रत्नाने तिचा हात धरून बटणावर नेला आणि दोघींनी मिळून ते दाबलं. कारकुनाने कळवलं, की काढलं. मंजिरीने मोबाइलही तिथंच, त्या दोघींसमोर रिकामा केला. त्यांचाच नव्हे, सगळ्यांचा तो साठा.

“चला, घंगाळ उचला,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, ह्येच्यात कागद कुठं हाय? नुसतं पाणी हाय,” रत्ना म्हणाली.

“हात धुवावेत तसा मघा राग धुऊन टाकलास की त्यात. तेवढा पुरे झाडाला.”

दोघींनी घंगाळ उचललं, डुचमळत परसात नेलं आणि रामफळाच्या मुळाशी ओतलं. परतताना शालन म्हणाली, की पन्हळ उद्याच मागच्या बाजूला वळवून घेते. रत्नाने रितं घंगाळ खाली टेकवलं. मग म्हणाली, “विटा येऊन पडल्यात. गवंडीबी सांगितलाय, पैलं काम सोडून येणार हाय बिचारा. सारिकाला न्हाणी बांधूया चांगली, अंगणातच, आडोसा करून. तुझ्या त्या मोरीत माझं गुडघं मोडत न्हाईत.” आणि भिंतीच्या विटांची न्हाणी झाली. अंगणाच्या मधोमधच झाली, हे महत्त्वाचं.

पुढल्या दिवसांत आप्पा आणि मंजिरी त्या सूचनांच्या पानापुढे बसले. ‘काहीही टाकू नकोस’ ही ओळ मंजिरीने खोडली आणि आप्पांनी सांगितलं ते लिहिलं, ‘ठरलं ते ठेव. बोललं ते, समेट झाला की, दोघांना विचारून सोड.’ कारकुनाने ते वाचून एक शंका काढली, ‘एखाद्या प्रकरणात मारहाण किंवा धमकी असेल, तर तेही सोडायचं का?’

आप्पा खूश झाले. “तुझा कारकून शहाणा आहे. लिही त्याला, मारलं, धमकावलं, ते भांडण नव्हे, तो गुन्हा. तो या घंगाळात बुडत नाही. तो माणूस आपल्याकडं आला तर त्याला चहा द्यायचा आणि पोलीस चौकीची वाट दाखवायची. सोबत जायचं.” मंजिरीने तसं लिहिलं. आता रोज सकाळी कारकून कालचं काही न आठवता कामाला येतो, ते पान वाचतो, आणि आप्पांची जन्माची रीत पहिल्यापासून पाळू लागतो. आप्पांना हे फार गमतीचं वाटतं. ते ती गंमत दिवसातून बऱ्याचदा सांगतात.

रामफळं उतरली तेव्हा सारिका बाळाला घेऊन आली. दोन्ही बाजूंना शालन आणि रत्ना, मध्ये ती. बाळाला कुणी धरायचं यावरून दोघींची जुंपलेली होतीच. आप्पांनी मिश्कीलपणे घंगाळाकडे बोट दाखवलं तशा दोघी हसल्या. फळं घेऊन त्या गेल्या. पडवीत गुरू आणि शिष्या उरले.

मंजिरीच्या मनात ते अजून सलत होतं. आप्पांनी तिला त्या दिवशी नाही, नंतरही नाही, एका शब्दाने दुखवलं नव्हतं. क्षमा मागायची राहून गेली होती. आज मागावी म्हणून ती म्हणाली, “आप्पा, त्या दिवशी या दोघींच्या बैठकीत माझ्याकडून फार मोठी चूक झाली.”

आप्पांनी एक पिकलेलं रामफळ फोडलं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

“कुठली चूक, पोरी?”

मंजिरीने त्यांचा चेहरा निरखून पाहिला. ते खरोखरच विसरले होते, की जन्मभर करत आले तेच आत्ताही करत होते, हे तिला कळेना. ती सांगू लागली, आणि थांबली.

“काही नाही, आप्पा.”

“गोड आहे का?”

“गोड आहे.”

दोघं खात बसले. थोड्या वेळाने आप्पांनी तिच्या हातातल्या फळाकडे पाहून पुन्हा विचारलं, “गोड आहे का गं?”

“हो आप्पा, गोड आहे,” मंजिरी म्हणाली. अगदी पहिल्यांदा विचारल्यासारखं.